तुम्हाला कोणती हवी आहे?

"चहा झाला का?" हा साधा प्रश्न बाईंना विचारायची आमच्या ऑफिसात कुणाची हिंमत नव्हती. त्या चष्म्यावरून बघायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "करून झाला का, की पिऊन झाला का?" त्यांना खोडी काढायची नसे. उत्तर मिळेपर्यंत त्या खरोखर थांबून राहायच्या. "ते करून टाक" असं कुणी म्हणालं, तर हातातलं पेन खाली ठेवून "ते म्हणजे काय?" असं विचारायच्या. माझा भागीदार नितीन सुरुवातीला चिडायचा. पुढे पुढे तो बाईंशी बोलण्याआधी दोन क्षण थांबून वाक्य मनात जुळवायला लागला. त्याची आई मला एकदा म्हणाली, हा आता घरीसुद्धा नीट बोलतो.

बाई कामशेतच्या शाळेत मराठी शिकवायच्या. आठवीत आणि नववीत मी त्यांच्या हाताखाली होते. पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यावर गुडघ्याखाली सरळ रेघेत उतरणारी सुती साडी, हिरव्या शाईचं पेन आणि बाराही महिने छत्री, हे त्यांचं रूप मी शाळेत पाहिलं होतं आणि वीस वर्षांनी त्या आमच्या ऑफिसचा जिना चढून आल्या तेव्हाही तेच होतं. ऑफिस म्हणजे कामशेत स्टेशनाजवळ, तांदळाच्या एका दुकानावरच्या दोन खोल्या. खाली पोती उतरायला लागली की वर आमच्या कीबोर्डवर पांढरी भुकटी बसायची.

त्या दोन खोल्यांत नितीन आणि मी एक भाषा तयार करत होतो. कॉम्प्युटरची, पण एकाच कामापुरती. मावळात गुलाबाची पॉलिहाऊस पुष्कळ आहेत. पाणी कधी सोडायचं, बाजूचे पडदे कधी उघडायचे, खत किती द्यायचं, हे सगळं एका छोट्या यंत्राला सांगता येतं. पण ते सांगायचं इंग्रजीत, आणि तेही कंपनीच्या माणसाला बोलावून. आम्हाला वाटलं, शेतकऱ्यानं आपल्या यंत्राला मराठीत लिहून सांगावं आणि यंत्रानं ऐकावं. आम्ही आज्ञा मराठीत केल्या खऱ्या, पण पहिल्याच शेतकऱ्यानं त्या वाचल्या आणि तो हसत सुटला. आम्ही लिहिलं होतं, "जलप्रवाह प्रारंभ". तेव्हा मला बाई आठवल्या. निवृत्त झाल्या होत्या, घरी एकट्याच असायच्या. पंधरा दिवस येऊन शुद्धलेखन तपासून द्या, एवढीच विनंती मी केली होती.

पंधरा दिवसांची साडेतीन वर्षं झाली.

पहिल्याच दिवशी त्यांनी "जलप्रवाह प्रारंभ" खोडून "पाणी सोड" लिहिलं. मग आज्ञांची यादी घेऊन त्या आठवडाभर गायब झाल्या. नंतर कळलं, की त्या एसटीनं आणि पायी पॉलिहाऊस पालथी घालत होत्या. कुठल्या कामाला बायका काय म्हणतात, गडी काय म्हणतात, हे हिरव्या शाईनं वहीत उतरवून आणलं होतं. व्याकरणाच्या बाई म्हणून आम्ही त्यांना बोलावलं होतं आणि त्यांनी आमच्या भाषेतला एकूण एक अवजड शब्द हाकलून दिला.

सहा महिने त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. आम्ही लिहिलेलं सगळं कागदावर छापून मागायच्या आणि पेपर तपासावा तसं तपासायच्या. सव्वाअकराच्या ठोक्याला भाकरी सोडायच्या, जेवताना बोलायच्या नाहीत, आणि बारा वाजता तपासलेला गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवायच्या. सातव्या महिन्यात एका सकाळी येऊन म्हणाल्या की आता मला हे यंत्र दाखव. दिवाळीपर्यंत त्या स्वतः लिहायला लागल्या होत्या.

आमच्या आज्ञा संचांमध्ये बांधलेल्या होत्या. ठिबकच्या आज्ञांचा एक संच, पडद्यांचा एक, वरच्या फवाऱ्याचा एक. शेतकऱ्यानं सुरुवातीला "आण ठिबक", "आण पडदा" असं लिहिलं, की त्या संचातल्या आज्ञा त्याला वापरता यायच्या. गोची एवढीच होती, की पडद्याच्या संचात "उघड" होतं आणि ठिबकच्या संचातही, तिथल्या झडपेसाठी, "उघड" होतं. दोन्ही संच आणले आणि खाली नुसतं "उघड" लिहिलं, तर यंत्रानं काय उघडायचं?

नितीनचं उत्तर तयार होतं. जो संच शेवटी आणला, त्याची आज्ञा खरी मानायची. पुष्कळ भाषा असंच करतात. लिहिणाऱ्याला त्रास नाही, यंत्र कुठे अडत नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटी आला म्हणून तो खरा कसा?"

नितीन म्हणाला की नियम आहे, कुठला तरी नियम हवाच. बाई म्हणाल्या की नियम आपल्याला माहीत आहे, लिहिणाऱ्याला माहीत नाही. त्याच्या मनात पडदा असेल आणि आपण झडप उघडू, आणि त्याला वाटेल आपलंच काहीतरी चुकलं. यंत्राला कळलं नाही तर यंत्रानं थांबावं आणि विचारावं.

मला त्यांचा वर्ग आठवला. आमच्या आठवीत तीन संतोष होते. बाकीचे शिक्षक त्यांना मोठा संतोष, काळा संतोष, मागचा संतोष असं म्हणायचे. बाईंनी पहिल्याच दिवशी तिघांना उभं करून प्रत्येकाला विचारलं होतं, तुला काय म्हणू? एकानं आडनाव सांगितलं, एकानं गावाचं नाव. तिसऱ्यानं जरा विचार करून सांगितलं, "संतोष गिटार". वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. हजेरीपटावर त्यांनी कंसात "गिटार" लिहून घेतलं. त्या संतोषचं आता बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे, आणि अजूनही त्याला सगळे गिटारच म्हणतात. त्यानं आयुष्यात गिटार हातात घेतलेली नाही.

बाईंचं म्हणणं मी मान्य केलं. नितीननंही कुरकुरत मान्य केलं. एकच नाव दोन संचांत सापडलं, की आमचं यंत्र थांबून सांगायचं, "चूक: नाव संदिग्ध." आणि लगेच तक्रारी सुरू झाल्या.

सर्वांत मोठी तक्रार तिकोणा पेठेच्या दत्तूभाऊंची. किल्ल्याच्या पायथ्याला त्यांचं गुलाबाचं पॉलिहाऊस. त्यांच्याकडे यंत्र एका सकाळी "उघड" पाशी अडून बसलं, पडदे उघडलेच नाहीत आणि आत उकाडा साचला. फोनवर ते तापले होते. "ताई, आमी अडाणी हाय म्हनून मराठीतलं यंत्र घेतलं. ते बी आमचीच चूक काढतंय. हे काय कामाचं न्हाई."

ते आमचे पहिले गिऱ्हाईक होते. ते गेले असते तर त्यांच्यामागून आणखी चारजण गेले असते. मी बाईंना न विचारता, नितीनलाही न सांगता, फक्त दत्तूभाऊंच्या यंत्रासाठी एक सवलत ठेवली. तिथे शेवटच्या संचाची आज्ञा खरी. त्यांनी पडद्याचा संच ठिबकच्या वर आणला होता, तेवढा खाली घ्यायला सांगितला. "उघड" म्हटलं की पडदे उघडायला लागले. दत्तूभाऊ खूश झाले, मीही खूश झाले. महिनाभरानं त्यांनी खताचं काहीतरी बदलताना संचांची क्रमवारी पुन्हा हलवली आणि ठिबक सर्वांत खाली गेलं, हे मला कुठून कळणार? पडद्यांसाठी तोवर त्यांनी यंत्राबाहेरची वेगळी मोटर बसवली होती, त्यामुळे अडलं काहीच नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी मी ठिबकच्या संचात एक नवी आज्ञा घातली. ठिबकच्या नळ्यांमध्ये क्षार साचतो. तो काढायला अधूनमधून पाण्यात ॲसिड मिसळून नळ्या धुवाव्या लागतात. बायका त्याला "नळ्या धुवायच्या" म्हणतात, म्हणून मी आज्ञेचं नाव ठेवलं "धू". सकाळी ऑफिसात आल्या आल्या मी तो नवा संच सगळ्या यंत्रांना पाठवून दिला आणि नेहमीप्रमाणे बदललेल्या नावांची यादी छापून बाईंच्या टेबलावर ठेवली.

बाई नऊ वाजता आल्या. छत्री खिळ्याला लावली, यादी वाचली आणि पेनाचं टोपण लावून माझ्याकडे आल्या. फवाऱ्याच्या संचात आधीच "धू" आहे, हे मी विसरले होते. गुलाबाच्या पानांवरची धूळ आणि कोळीकीड साध्या पाण्यानं धुवायचा तो फवारा. मी म्हटलं, हरकत नाही, दोन्ही वापरणाऱ्यांकडे यंत्र थांबेल. आणि बोलता बोलताच मला ती सवलत आठवली. एका ठिकाणी ते थांबणार नव्हतं. दत्तूभाऊ रोज सकाळी दहाला पानं धुवायचे. मी बाईंना सवलतीबद्दल सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "फोन लाव."

तिकोणा पेठेला रेंज असून नसल्यासारखी, फोन लागेना. मी इथून सवलत काढायला बघितली, पण सकाळी संच घेतलेलं यंत्र आता जोडलं जाईना. नितीन पुण्याला गेलेला. मी स्कूटी काढली, बाई साडी सावरून मागे बसल्या. पवनानगर मागे पडलं. धरणाच्या कडेकडेनं रस्ता वळत होता आणि मी दर वळणावर घड्याळ बघत होते. शेवटी बाईंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू रस्ता बघ. घड्याळ मी बघते."

पोहोचलो तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

पॉलिहाऊसच्या दारात दत्तूभाऊंची बायको, सुमनवहिनी, हातात नळी घेऊन वाफ्यात साधं पाणी सोडत होत्या. यंत्र बंद होतं. ठिबकचा मुख्य कॉक बंद होता. दत्तूभाऊ फुलं घेऊन बाजारात गेले होते. वहिनींनी आम्हाला बघून ओळखलं आणि हातातली नळी न सोडता सांगितलं, "दहा वाजलं, पर वरनं फवारा आलाच न्हाई. म्हनलं आसं कसं? खाली बघते तर ठिबक चालू. आन वास लय उग्र. मी धावत जाऊन कॉक फिरवला."

तोवर दाराजवळच्या दोन वाफ्यांत ॲसिड उतरलं होतं. बाकीचे वाचले. बाईंनी बूट काढून बाजूला ठेवले, पदर खोचला आणि दुसरी नळी उचलली. आम्ही तिघींनी दुपारपर्यंत ते दोन वाफे साध्या पाण्यानं धुतले. तरी नवी लावलेली रोपं बरीचशी गेली. दत्तूभाऊ परत आले तेव्हा बाई चिखलात उभ्या होत्या. त्यांनी मला पुढे होऊ दिलं नाही. स्वतःच सांगितलं, की आमच्या यंत्रानं तुम्हाला न विचारता अंदाज केला, रोपं आम्ही बदलून देऊ, आणि उरलेली बाग तुमच्या मंडळींनी वाचवली आहे. दत्तूभाऊंनी दोन्ही वाफे बघून घेतले. मग म्हणाले की तिला ह्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, रोज तीच असते हितं.

येताना पवनानगरला चहाला थांबलो. मला बाईंकडे बघवत नव्हतं. मी म्हटलं, बाई, मला काहीतरी बोला. त्या चहा संपवून म्हणाल्या की बोलून रोपं येणार नाहीत. मग त्यांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली.

बाई मूळच्या आंबीच्या. बौद्ध घरातल्या. त्या प्राथमिक शाळेत होत्या तेव्हा वर्गात त्यांच्याच नावाची आणखी एक मुलगी होती, गावातल्या मोठ्या घरातली. गुरुजी तिला नावानं हाक मारायचे. आणि यांना "वस्तीवरची". चार वर्षं. हजेरीला, कवितेला, बक्षीस द्यायलासुद्धा. "गुरुजी वाईट नव्हते," बाई म्हणाल्या. "मला त्यांनीच पुढे शिकायला पाठवलं. पण दोघींचं एकच नाव आहे, तर कुणाला काय म्हणायचं, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. विचारायचं त्यांना सुचलंच नाही."

मी गाडी चालू केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सवलत काढायला लावली आणि मग आम्ही तिघं "चूक: नाव संदिग्ध" या यंत्राच्या निरोपावर बसलो. पहिला शब्द बाईंनी खोडला. "चूक कुणाची? दोन संच आपण केले, दोन्हींत एकच नाव आपण ठेवलं. त्या माणसाची चूक कशी?" तो शब्द गेला. "संदिग्ध" गेला. अकरा दिवसांनी जे उरलं ते असं होतं: "‘धू’ ही आज्ञा ठिबकमध्ये आहे आणि फवाऱ्यातही आहे. तुम्हाला कोणती हवी आहे?"

दत्तूभाऊंचा पहिला राग खरा होता, हेही बाईंनी नितीनकडून आणि माझ्याकडून कबूल करून घेतलं. पाणी द्यायच्या वेळेला यंत्र अडून बसत असेल तर ते विचारणं नव्हे, ती अडवणूक. म्हणून शेतकरी आज्ञा लिहीत असतानाच प्रश्न विचारायचा, यंत्र काम करत असताना नाही. दोन संचांत एकच नाव असलं म्हणून उगाच टोकायचं नाही, माणसानं ते नाव वापरलं तरच विचारायचं. आणि आम्ही नवा संच पाठवला, तरी शेतकऱ्यानं उत्तर देईपर्यंत त्याची जुनी आज्ञा जुन्याच अर्थानं चालू राहील. आमच्या बदलानं त्याच्या शब्दाचा अर्थ बदलता कामा नये. ही शेवटची अट पुरी करायला नितीनला दीड महिना लागला. त्यात बाईंचा आणखी एक हट्ट. उत्तर देताना माणूस कॉम्प्युटरवाल्यांसारखं "ठिबक टिंब धू" लिहिणार नाही, तो "ठिबकची धू", "फवाऱ्याची धू" असंच लिहिणार. "फवारा" चं "फवाऱ्या" कसं होतं हे यंत्राला शिकवता शिकवता नितीननं डोक्याला हात लावला. बाईंनी त्याला आठवीचं व्याकरणाचं पुस्तक आणून दिलं आणि सामान्यरूपाचा धडा करून यायला सांगितलं. तो करून आला.

ज्याला रोज एवढं लांब लिहायचं नसेल, त्यानं आपल्या मनानं नवं नाव द्यावं, अशीही सोय केली. एकानं ठिबकच्या "धू" चं नाव "आंघोळ" ठेवलं. बाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

त्याच हिवाळ्यात लोणावळ्याला फुलं पिकवणाऱ्यांचा मेळावा झाला. एका हॉटेलच्या सभागृहात दीडदोनशे माणसं. आम्हाला वीस मिनिटं मिळाली होती. नितीन बोलत होता, मी पडद्यावर लिहून दाखवत होते. कुठे अडायला नको म्हणून आम्ही उदाहरण अगदी सोपं निवडलं होतं. पहिल्या रांगेतून बाई म्हणाल्या, "धू लिही."

नितीननं माझ्याकडे बघितलं. मी लिहिलं. भल्यामोठ्या पडद्यावर तो प्रश्न उमटला.

एका मोठ्या बागेचे सल्लागार पुढे बसले होते. ते हसून म्हणाले की म्हणजे तुमच्या यंत्राला कळत नाही. सभागृहात हशा पिकला. नितीनचा चेहरा उतरला. बाई उठल्या आणि मागे वळून सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या, अगदी वर्गात राहायच्या तशा.

"हो. कळत नाही," त्या म्हणाल्या. "आणि ते तसं सांगतं."

सल्लागार म्हणाले की शेतकऱ्याला प्रश्न नको असतात, काम हवं असतं. बाई उत्तर देणार, एवढ्यात मागच्या रांगेतून एकजण उठल्या. मी आधी ओळखलं नाही, कारण त्यांना मी फक्त चिखलात बघितलं होतं. सुमनवहिनी होत्या. शेजारी दत्तूभाऊ बसले होते.

"मी सांगू का?" वहिनी म्हणाल्या. त्यांना माइक द्यायला कुणीतरी धावलं, त्यांनी तो घेतला नाही. "आमच्या बागंत रोपं मी बघते. पर खताचा मानूस आला, औषधाचा आला, कंपनीचा आला, की समदे ह्यांनाच इचारत्यात. मी तितंच उभी असते. ह्या यंत्रानं मला इचारलं, तुमाला कोणती हवी हाय. मी सांगितलं, फवाऱ्याची. त्यानं ऐकलं."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण बायका जिथे बसल्या होत्या तिथून एक कुजबुज उठली आणि ती बराच वेळ थांबेना. सल्लागारांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. बाई अजून उभ्याच होत्या. मी त्यांना आठवीपासून ओळखते. शब्द न सापडलेल्या बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितल्या. आणि मला इतका अभिमान वाटला, की पुढचं पान दाखवायचं मी विसरूनच गेले.

नंतर आमच्या टेबलाशी गर्दी झाली. ती पांगल्यावर दत्तूभाऊ आले, वहिनी त्यांच्या मागे. दत्तूभाऊ जरा अवघडले होते. म्हणाले, यंत्र माझ्या नावावर हाय, ते हिच्या नावावर करता येतं का? बाईंनी नोंदणीचा कोरा कागद काढला आणि आपलं हिरव्या शाईचं पेन वहिनींपुढे धरलं. ते पेन त्यांनी आम्हाला कुणालाही कधी वापरू दिलं नव्हतं.

वहिनी वाकल्या आणि सावकाश, एकेक अक्षर नीट सोडून, आपलं पूर्ण नाव लिहिलं. बाईंनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं.